नळी इथे, नेम तिथे

गेल्या विकांताला क्लबात भांडण झालं. हमरीतुमरी नाही, इथले लोक भांडतात तसं, कॉफीचा कागदी पेला हातात धरून, हसत हसत. पण घरी येताना गाडीत माझं डोकं इतकं तापलेलं होतं की बायको म्हणाली, "आता तू यावर लिहिणार. लिही, पण आधी जेवून घे."

जेवण झालंय, पोरं झोपलीत. तर मंडळी, आजचा विषय आहे पॉइंट टू टूच्या पिस्तुलात नळी कशाला जोडावी, आणि नेम धरायचे साइट कशाला. हसू नका. ज्यांना असल्या विषयांची ॲलर्जी आहे त्यांनी पुढच्या शनिवारी यावं, तेव्हा डेटाबेसवर बोलू. पण एकच माहिती दोन ठिकाणी साठवलेली आणि ती एकमेकींशी जुळेना, म्हणून तुम्ही कधी रात्र जागवली असेल, तर थांबा. गोष्ट तुमचीच आहे.

पुण्यातला कोड पाडणारा माणूस पिस्तुलावर का बोलायला लागला, ते आधी सांगून टाकतो. कॉलेजात एनसीसी होती. पालथं पडून पॉइंट टू टूच्या रायफलीतून पाच गोळ्या झाडायला मिळायच्या, आणि त्या पाच गोळ्यांवर आम्ही वर्षभर गप्पा हाणायचो. पुढच्या साइटला 'माशी' म्हणतात हे तिथंच कळलं. मग नोकरी, मग एच-वन, मग हार्टफर्ड. कनेटिकट राज्यातलं हे शहर विमा कंपन्यांचं, त्यामुळे ओघानेच आपल्याकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांचंही. रोज हापिसला जाताना हायवेवरून एक निळा, सोनेरी चांदण्यांचा, कांद्याच्या आकाराचा घुमट दिसायचा. मला वाटायचं एखादं रशियन चर्च असेल. तो निघाला कोल्ट कंपनीचा जुना कारखाना! मग शोध घेत गेलो तर कळलं की आपण भलत्याच गावात येऊन पडलोय. इथून वर चाळीस किलोमीटरवर स्प्रिंगफील्ड, तिथं स्मिथ अँड वेसनचा कारखाना. खाली समुद्राकडे साउथपोर्ट, तिथं रूगर कंपनी जन्मली. हाय स्टँडर्ड नावाची एक कंपनी होती, तीही याच राज्यातली. कोल्हापुरात राहून कुस्तीबद्दल काहीच माहीत नसावं, तसं माझं चाललं होतं.

कोल्हापूरवरून आठवलं. बायको तिथली. राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तेव्हा हिने घरात असा जल्लोष केला की जणू सख्खी बहीण जिंकली. "आपण पण शिकू या," हे वाक्य तिचं. एच-वनवाल्यांना काही अपवाद सोडले तर इथे कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, त्यामुळे तेव्हा नुसतीच पुस्तकं वाचली. ग्रीन कार्ड आल्यावर तिने आठवण करून दिली, आणि कोर्स, परमिट, क्लब असं रीतसर झालं. आणखी एक सांगायला हवं. सँडी हूकच्या शाळेतला २०१२ चा गोळीबार याच राज्यातला. इथं बंदुकीचं कौतुक करताना जीभ सांभाळावी लागते, आणि लागायलाच हवी. परमिटबद्दल, कुलपाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. मी बोलतोय तो कागदावर भोकं पाडायचा खेळ आहे.

असो. तर भांडण कशावरून? एका सद्गृहस्थांनी नवीन पॉइंट टू टू पिस्तूल आणलं होतं. हुबेहूब त्यांच्या नाइन एमएमसारखं. तीच स्लाइड, तीच मूठ, तेच साइट. मी म्हटलं, दिसायला झकास आहे, पण नेमाला बेभरवशाचं असणार. त्यावर ते म्हणाले, "अरे, यात नळी फिक्स्ड आहे! फ्रेमला पक्की बसवलेली. तुझ्या नाइन एमएमची नळी तर प्रत्येक गोळीला हलते. फिक्स्ड नळी म्हणजे अचूकता, आणखी काय पाहिजे?"

हे 'फिक्स्ड' प्रकरणच माझ्या डोक्यात जातं. नळी पक्की आहे हे मान्य. पण पक्की कशाला?

आता थोडं यंत्र समजून घेऊ. नाइन एमएमची गोळी साधारण ८ ग्रॅमची, बाहेर पडताना तिची ऊर्जा पाचशे ज्यूलच्या आसपास. आत एवढा दाब असताना मागचं दार उघडलं तर घात होईल. म्हणून जॉन ब्राउनिंगने (हा माणूस म्हणजे या क्षेत्रातला डेनिस रिची समजा) युक्ती अशी केली की गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि वरची स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात. दोघी मिळून थोड्या मागे येतात, तेवढ्यात गोळी निघून जाते, दाब उतरतो, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, अडसर सुटतो आणि स्लाइड एकटी मागे जाऊन रिकामी पुंगळी फेकते. १९११ च्या कोल्टपासून ग्लॉकपर्यंत बहुतेक सगळ्या सर्व्हिस पिस्तुलांचा वंश हाच.

पॉइंट टू टूची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, ऊर्जा शंभर-सव्वाशे ज्यूल. ठिणगी पाडणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून हे रिमफायर. याला अडसर-बिडसर काही लागत नाही. मागे पुरेसा जड बोल्ट आणि एक स्प्रिंग असली की काम झालं, बोल्टचं वजनच दाब उतरेपर्यंत दार धरून ठेवतं. यालाच ब्लोबॅक म्हणतात. म्हणजे नळीला हलायचं काही कारणच उरत नाही. ज्या अचूकतेसाठी नाइन एमएमवाले कारागीर नळी आणि स्लाइडचा जोड कानशीने घासून घासून जमवतात, ती पॉइंट टू टूमध्ये जवळजवळ फुकट पदरात पडते.

आता नीट बघा. नाइन एमएममध्ये साइट स्लाइडवर असतात आणि ते अगदी बरोबर आहे. का? कारण गोळी सुटताना नळी आणि स्लाइड अडकून एकजीव झालेल्या असतात. साइट ज्या तुकड्यावर आहेत, नळी त्याच तुकड्याला धरून आहे. नंतर नळी झुकेना का, गोळी गेलेली असते. हलणाऱ्या नळीला नावं ठेवणारे हेच विसरतात.

पॉइंट टू टूची नक्कल करताना काय केलं? नळी स्लाइडपासून सोडवली आणि फ्रेमला पक्की केली. छान. पण साइट ठेवले स्लाइडवरच, कारण ते 'खऱ्यासारखं' दिसायला हवं ना! आता स्लाइड फ्रेमवरच्या खाचांमध्ये सरकणार, सरकायला फट हवी, पुन्हा पिस्तूल स्वस्त म्हणजे फट मोठी. नळी पाहते एकीकडे, साइट पाहतात दुसरीकडे, आणि दोघांच्या मध्ये एक सैल सांधा. नाइन एमएमचा देखावा उचलला, त्यामागचं कारण तिथंच राहिलं. साप केव्हाच निघून गेला, हे अजून भुई धोपटतायत.

"अरे, पण फट कितीशी?" हा प्रश्न त्या गृहस्थांनीही विचारला. हिशेब करू. समजा पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये १६० मिलिमीटर अंतर आहे, आणि मागचा साइट नळीच्या मानाने ०.२ मिलिमीटर बाजूला बसला. जाडसर कागदाएवढी फट. २५ मीटरवर तिचे होतात ०.२ भागिले १६० गुणिले २५०००, म्हणजे ३१ मिलिमीटर. ऑलिंपिकमधल्या २५ मीटर पिस्तुलाच्या प्रिसिजन टप्प्याचं टार्गेट घ्या. त्यात दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे केंद्रापासून २५. तुम्ही श्वास रोखून, चाप लोण्यासारखा दाबून, देवासारखी गोळी मारलीत आणि ती नऊमध्ये गेली. तुमची चूक? शून्य.

इथं मला प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर तुमच्यातला कोणीतरी आकडेवारीवाला मला धरेलच. नवशिक्याचा हात असाही ८० मिलिमीटर इकडे-तिकडे पसरतो. दोन स्वतंत्र चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, वर्गांच्या बेरजेने वाढतात. ८० चा वर्ग अधिक ३० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ८५. म्हणजे ३० मिलिमीटरच्या ढिलाईने पसारा ८० चा ८५ झाला. कोणाला कळणार? गुणांमध्ये तर फारसा फरकही पडणार नाही. नक्कलवाल्यांचा हा सगळ्यात दमदार मुद्दा आहे आणि तो खोटा नाही.

पण हा मुद्दा धरला तर एक गोष्ट गृहीत धरावी लागते. ढिलाई दर गोळीला नव्याने नाणेफेक करते, असं. प्रत्यक्षात ती तसं करत नाही. स्लाइड साफ केली, तेल घातलं, की ती एका बाजूला बसते. शंभर गोळ्यांनी काजळी धरली की दुसऱ्या बाजूला. पसारा तेवढाच राहतो, पण त्याचं केंद्रच चालायला लागतं. आणि नवशिका बघतो ते केंद्रच.

आमच्या घरात हेच झालं. बायकोने शिकायला घेतलेलं पहिलं पिस्तूल असंच एक नक्कल मॉडेल होतं. कंपनीचं नाव घेत नाही, दुकानदाराचंही नाही. "बिगिनर्ससाठी बेस्ट" म्हणून गळ्यात मारलं होतं. पहिले दोन महिने ठीक. मग तिच्या गोळ्या डावीकडे जायला लागल्या. प्रशिक्षक म्हणाले, चाप ओढताना बोट आत वळतंय. तिने बोट सुधारलं. पुढच्या शनिवारी गोळ्या उजवीकडे. मग मनगट सुधारलं. मग साइट दोन क्लिक हलवले. मग पुन्हा डावीकडे. घरी आल्यावर भिंतीवर काळा ठिपका लावून, रिकामं पिस्तूल धरून ही बाई रोज अर्धा तास उभी राहायची. माझ्यासारखा आळशी माणूस नाही तो. आणि तीन महिन्यांनी एके दिवशी गाडीत बसल्यावर म्हणाली, "माझा हातच वाईट आहे रे. सोडून देते."

पुढच्या आठवड्यात क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने तिचं पिस्तूल मागून घेतलं. मॅगझीन काढलं, नळी रिकामी आहे हे दोनदा पाहिलं, आणि पिस्तूल टेबलावर पुंज्याच्या थैलीवर ठेवून अंगठ्याने स्लाइड बाजूला दाबली. टक्. दुसऱ्या बाजूने दाबली. टक्. डोळ्यांना दिसत होतं. मग आपल्या पेटीतलं जुनं पिस्तूल तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, दहा गोळ्या मार. सात काळ्यात, तीन त्याच्या काठाला. हात वाईट नव्हता.

तुम्ही टेस्ट लिहिणारे असाल तर हा रोग तुम्हाला ठाऊक आहे. कोडमध्ये काही न बदलता आज पास, उद्या फेल होणारी टेस्ट. अशी एक जरी टेस्ट संचात असली तरी लोक लाल दिव्याकडे बघणंच सोडतात. आणि हे ज्याला कोड येतं त्याचं. ज्याला येत नाही, जो परवाच टीममध्ये आलाय, तो दिव्याला दोष देत नाही, स्वतःला देतो. निष्णात माणूस खराब हत्यार पाच मिनिटांत ओळखतो. शिकणाऱ्याला ते शक्यच नाही, कारण आपली चूक आणि हत्याराची चूक वेगळी काढायची अक्कल यायला जी तालीम लागते, ती त्याच हत्यारावर व्हायची असते. म्हणून "तुम्ही काय ऑलिंपिकला चाललाय का?" हा प्रश्न मला उलटा वाटतो. ऑलिंपिकवाल्याला एक वेळ ढिलं पिस्तूल द्या. नवशिक्याला देऊ नका.

मग चांगलं पिस्तूल ओळखायचं कसं? मी बोटाची परीक्षा वापरतो. रिकाम्या पिस्तुलाच्या मागच्या साइटवर बोट ठेवा आणि धातूवरून न उचलता नळीपर्यंत न्या. वाटेत किती सांधे लागले, आणि त्यातले हलणारे किती, ते मोजा. बाकी जाहिरात सगळी बाजूला ठेवा.

ब्राउनिंगने स्वतः केलेलं कोल्टचं पॉइंट टू टू १९१५ मध्ये आलं. १९२७ पासून त्याला वुड्समन म्हणायला लागले. त्यात नळी फ्रेममध्ये आट्यांनी घट्ट पिळलेली. पण मागचा साइट सरकत्या स्लाइडवर! म्हणजे माझ्या परीक्षेत खुद्द ब्राउनिंगबाबा नापास. तरी जुने वुड्समन सुंदर लागतात, कारण त्या निळ्या घुमटाखाली बसून माणसं ती स्लाइड फ्रेमशी जुळवत असत, आणि फट उरूच देत नसत. फट नसेल तर सांधा कुठेही ठेवा. पण ती मजुरी महाग होती, आणि १९७७ मध्ये वुड्समन बंद झालं. आजच्या नक्कलवाल्यांनी ब्राउनिंगची चूक तेवढी ठेवलीय, मजुरी मात्र काढून टाकलीय.

खरा शहाणा बिल रूगर. १९४५ मध्ये युद्धावरून परतलेल्या एका मरीनकडून त्याला जपानी नांबू पिस्तूल मिळालं. गॅरेजात त्याने त्याच्या दोन प्रती बनवून पाहिल्या. नांबूची त्याला आवडलेली गोष्ट म्हणजे मागे-पुढे होणारा बोल्ट एका नळकांड्याच्या आत असतो. अलेक्झांडर स्टर्म नावाच्या चित्रकार मित्राने ५० हजार डॉलर घातले आणि १९४९ मध्ये साउथपोर्टमधून रूगर स्टँडर्ड बाहेर पडलं. किंमत साडेसदतीस डॉलर. बाह्यरूप जर्मन ल्यूगरसारखं, त्यामुळे लोकांना वाटतं नक्कल ही पण आहे. पण आत बघा. नळी रिसीव्हरच्या नळकांड्यात आट्यांनी बसवलेली, एकदा बसली की बसली. मागचा साइट त्याच नळकांड्यावर, माशी नळीवर. बोल्ट आत खेळतो. साइट आणि नळी यांच्यात एकच सांधा, तो पण मालकाने कधी न उघडायचा.

आणि मूठ? मूठ चक्क पत्र्याची. दोन अर्धी दाबून काढायची आणि जोडायची. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, काय हा चिकटपणा! पण नंतर उजेड पडला. मूठ नळीपाशी अर्धा केस इकडे-तिकडे झाली म्हणून नेमाला काही होत नाही, कारण साइट आणि नळी वर एकत्र आहेत. हलले तर दोघं मिळून हलतील. जिथं अचूकता हवी तिथं पैसे घातले, जिथं नको तिथून काढले. अमेरिकन कायद्यालासुद्धा हे पटलेलं दिसतं. या पिस्तुलात क्रमांक कोरलेला, कायद्याने 'पिस्तूल' मानलेला भाग म्हणजे वरचं नळकांडं. मूठ नुसता सुटा भाग. (स्टर्म बिचारा १९५१ मध्येच गेला. बोधचिन्हातला लाल गरुड रूगरने त्याच्यासाठी काळा केला.) रूगरची खोड एकच, खोलून पुन्हा जोडायचं म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटायचा. ती कंपनीने २०१६ मध्ये मार्क फोर काढून, एका बटणावर सुटेल असं करून, मिटवली. सदुसष्ट वर्षांनी का होईना.

आता कोणी म्हणेल, म्हणजे नळी कायमची पिळून बसवणं हेच श्रेष्ठ. नाही! इथेच लोक घसरतात. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ घ्या, १९५७ चं. त्यात चापाचं कडं खाली ओढलं की सबंध नळी हातात येते. दर साफसफाईला काढा, परत लावा. 'फिक्स्ड' भक्तांच्या हिशेबाने हे पिस्तूल रद्दीत जायला हवं होतं. उलट कित्येक दशकं ते बुल्सआयवाल्यांचं लाडकं आहे. कारण नळीला मागे एक पट्टी काढलीय, ती स्लाइडच्या डोक्यावरून मागे जाते आणि मागचा साइट तिच्यावर बसलाय. दोन्ही साइट नळीवर. नळी फ्रेमवर किंचित वेगळी बसली, तरी साइट तिच्याबरोबरच वेगळे बसतात. माहिती एकाच ठिकाणी ठेवलीय, त्यामुळे न जुळायचा प्रश्नच येत नाही. नळी किती घट्ट आहे यापेक्षा साइट कोणाबरोबर आहेत हे महत्त्वाचं, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

रशियात मिखाईल मार्गोलिन होऊन गेला. तरुणपणीच दृष्टी गेलेला माणूस. हातांनी चाचपून नमुने घडवायचा. त्याने केलेल्या पॉइंट टू टू पिस्तुलात स्लाइड सरकती आहे, पण मागचा साइट फ्रेमला जोडलेल्या एका कमानीवर, आणि स्लाइड त्या कमानीखालून ये-जा करते. डोळ्यांनी ज्याला नेम धरता येत नव्हता, त्याला कळलं की साइट हलता कामा नये. आपल्या डोळस डिझायनरांना कळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. वाल्थरचंच बघा ना. जीएसपी हे त्यांचं स्पर्धेचं पिस्तूल, त्यात साइट स्थिर आणि आत फक्त बोल्ट हलतो. त्याच वाल्थरच्या नावाने २००२ मध्ये पी २२ आलं, छोटं सर्व्हिस पिस्तूल दिसेल असं, जस्ताच्या मिश्रधातूची स्लाइड आणि साइट तिच्यावर. जे पदकासाठी मारतात त्यांना एक शास्त्र, जे शिकायला येतात त्यांना दुसरं.

मधली मंडळीही आहेत. ब्राउनिंग बक मार्क, १९८५ चं. नळी खालून एका स्क्रूने धरलेली, मागचा साइट स्लाइडवरच्या स्थिर पट्टीवर. तत्त्व बरोबर, पण स्लाइड काढायची तर ती पट्टी स्क्रू काढून उचलावी लागते, म्हणजे नेमका नको तोच सांधा दर वेळी उघडा. २०१६ च्या एसडब्ल्यू २२ व्हिक्टरीत नळी एका स्क्रूवर निघते, आणि आमच्या क्लबातला एक पोरगा मोबाइलची कव्हरं बदलावीत तशा नळ्या बदलतो. माशी नळीवर, मागचा साइट रिसीव्हरवर. बदल बाबा, पण मग दर वेळी साइट नव्याने जुळव. नळ्या बदलायची हौसच असेल तर मॉडेल ४१ सारखं दोन्ही साइट नळीसकट उचलले जातील असं करा. बेरेटाच्या निओसने २००२ मध्ये तेच केलं, आणि तेही स्वस्तात. त्यामुळे 'परवडत नाही' ही सबब मला कोणी सांगू नये. पत्र्याची मूठ करून साडेसदतीस डॉलरमध्ये एकाने १९४९ मध्ये परवडवून दाखवलं होतं.

उरला एकच मुद्दा, आणि तो त्या गृहस्थांनी शेवटी काढला. सरावासाठी पिस्तूल आपल्या रोजच्या पिस्तुलासारखंच हवं, हाताला तीच सवय, काडतूस मात्र स्वस्त. ठीक आहे, गरज खरी आहे. ज्याला म्यानातून काढणं, मॅगझीन बदलणं असला सराव करायचाय, त्याने २०२० चं ग्लॉक ४४ घ्यावं, खुशाल घ्यावं. माझं भांडण त्याच्याशी नाही. पण नेम शिकायला तेच घ्या असं सांगणाऱ्याशी आहे. आणि 'तसंच दिसणं' आणि 'साइट नळीवर असणं' यांचं वैर आहे हेही खोटं. चेकोस्लोव्हाकियातून जन्मलेल्या सीझेड ७५ साठी कॅडेट नावाचा पॉइंट टू टूचा जोड मिळत असे. मूठ तुमचीच जुनी, वरचा सगळा भाग नवा. त्यात नळी आणि साइट एकाच स्थिर तुकड्यावर, आणि मागचा लहान भाग तेवढा हलतो. टॉरसने २०२१ मध्ये टीएक्स २२ ची स्पर्धेची आवृत्ती काढली, त्यात स्लाइडचा वरचा भाग कापून रेड डॉट सरळ नळीवर बसवायची सोय केली. म्हणजे उत्तर सगळ्यांना माहीत आहे. फक्त साध्या, सगळ्यात जास्त खपणाऱ्या मॉडेलपर्यंत ते पोचत नाही, कारण काउंटरवर पिस्तूल हातात घेणारा गिऱ्हाईक स्लाइड खेचून "खटॅक" आवाज ऐकतो आणि खूश होतो.

माझं हे सगळं भाषण होईपर्यंत त्या गृहस्थांची कॉफी गार झाली होती. ते म्हणाले, ठीक आहे, पण माझ्या पिस्तुलात तसं काही नाही. मी पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात बायको पुढे झाली. "मॅगझीन काढा," ती म्हणाली. त्यांनी काढलं. नळी रिकामी केली, दाखवली. "आता अंगठ्याने स्लाइड डावीकडे दाबा."

त्यांनी दाबली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. नंतर चष्मा काढला, पिस्तूल दिव्याजवळ धरलं आणि पुन्हा एकदा दाबलं. आम्ही सामान गाडीत टाकून निघालो तेव्हाही ते तिथंच दिव्याखाली उभे होते.

पुढच्या शनिवारी डेटाबेस. नक्की.